धुक्याच्या भिंतीवरचा उतारा

मनोहर,

तुझं बोट हललं होतं. मी पाहिलं होतं.

एवढी दोन वाक्यं तू असताना बोललो असतो, तर आज हे लिहायला बसलो नसतो. तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, पेंडॉलमध्ये मला बोलायला उभं केलं. मी सांगितलं की सीताबर्डीवर नजर जाईल तिथे मनोहर पेंटरच्या हातची पाटी आहे, आणि पट्टी न लावता इतकी सरळ शिरोरेषा ओढणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो. बोललो ते सगळं खरं होतं. फक्त मला जे बोलायचं होतं ते त्यात नव्हतं.

आपला खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगावं लागेल. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

माझा मामेभाऊ अमेरिकेतून शिकून आला आणि नोकरीवर रुजू व्हायला जाताना पुस्तकांचं एक खोकं माझ्याकडे टाकून गेला. त्यात ते नियमांचं पुस्तक होतं. राक्षस, तळघरं, तलवारी, जादूगार यांचा खेळ. एकाने पंच व्हायचं आणि जग सांगायचं: समोर गुहा आहे, आत पाण्याचा आवाज येतोय. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जिंकणं-हरणं नाही, डाव संपणंही नाही. तू माझ्या दारावर नावाची पाटी लावायला आला होतास. खोक्यातल्या पुस्तकावरचं चित्र बघून तू शिडीवरून उतरलास.

"हा दाढीवाला कोण गा?"

"जादूगार."

"अन् त्याच्या बोटातून काय निघून राहिलं?"

"मंत्र."

"अरे बावा. आमच्या घरातून भूतं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच निघाली, वसंता. अन् तू पुन्हा आत घेऊन राहिला?"

त्याच रविवारी दुपारी तू आपल्या टोळीचा पहिला जादूगार झालास. माझ्या कचेरीतला दामू खाप्याहून एस.टी.ने यायचा. तो योद्धा झाला, कारण "मले तलवार दे, पाठांतर नाई जमत." मी पंच. तुझ्या घरी, पुढच्या खोलीत, कॅरम बोर्ड उलटा टाकून आपण बसायचो. त्याच खोलीत सुमनवहिनींचं शिवणयंत्र चालू असायचं. पुस्तकात वीस बाजूंचा फासा सांगितला होता. तसला फासा नागपुरात कुठे मिळणार? वहिनींनी ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची थैली शिवली, तिच्यात तंबोल्याचे एक ते वीस आकडे टाकले, आणि नंबर त्याच काढायच्या, कारण आपल्या तिघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. खेळत नव्हत्या, पण सगळ्यांचं मरण त्यांच्या हातात होतं. "काढू का? मरते का कोणी?" असं विचारून मगच हात थैलीत घालायच्या.

मंत्र कोणावर टाकायचा याचे पुस्तकात कडक नियम होते. ज्याच्यावर टाकायचा तो दिसला पाहिजे. टप्प्यात पाहिजे. मध्ये आडोसा नको. काही मंत्र एकाच माणसावर जातात, काही वस्तूवर, आणि आगीच्या गोळ्यासारखे काही जागेवर पडतात. मग त्या जागेत आपला माणूस असो की परका, भाजतो. तू हे लगेच पकडलंस. "म्हणजे आधी जागा पाहाची, मग रंग टाकाचा." दामूच्या डोक्यात ते कधी शिरलं नाही. तुझा मंत्र फसला की तो म्हणायचा, मनोहरने त्याच्यावर नाही, ह्याच्यावर म्हटलं होतं. त्या भांडणांना कंटाळून मी आपला एक नियम केला. पुस्तकात तो नव्हता. कॅरमच्या सोंगट्या आपली माणसं होती, त्यांच्यावर तू मिशा, शिंगं, मुकुट रंगवले होतेस. मंत्र टाकणाऱ्याने सोंगटीवर बोट ठेवायचं. ज्या सोंगटीला बोट लागलं, मंत्र तिच्यावर गेला. परत उचलणं नाही. दामू कुरकुरला, पण तू माझ्या बाजूने बोललास. "बरोबर आहे त्याचं. पाटीवर ब्रश टेकला की टेकला."

दुसऱ्याचा मंत्र मोडायच्या मंत्राला आपण उतारा म्हणायचो. तो माणसावर टाकता येतो, वस्तूवर टाकता येतो, नाहीतर समोर चालू असलेल्या मंत्रावरच टाकता येतो. मंत्र हलका असला तर आपोआप मोडतो, भारी असला तर नंबर काढावा लागतो. आणि एक अट होती, तिच्यावरून तू माझ्याशी पहिल्यांदा भांडलास. दामूचा घोडा आगीच्या गोळ्यात जळाला होता. तू म्हणालास, मी घोड्यावर उतारा टाकतो.

"नाही चालणार," मी म्हटलं. "उतारा चालू मंत्र मोडतो. आग पडली, विझली. आता मोडायला मंत्रच राहिला नाही. भाजलेलं भाजलेलंच राहणार."

"मग तो उतारा काय कामाचा गा?"

"जे अजून चालू आहे त्याच्या कामाचा."

"भंगार पुस्तक आहे तुझं," तू म्हणालास, आणि दामूला त्याचा घोडा पाचोळ्यात पुरायला लावलंस, आणि त्याचं वर्णन मला करायला लावलंस.

आता तो रविवार.

त्याच्या आधी एक गोष्ट झाली होती, ती मी कोणालाच सांगितलेली नाही. सीताबर्डीवर एका कापडवाल्याची नवी पाटी लागली होती, तुझ्या हातची. मी सायकल थांबवून बघत उभा राहिलो, नेहमीसारखा. शेवटच्या शब्दाची शिरोरेषा लहरत होती. फार नाही. रस्त्यावरच्या माणसाला दिसली नसती. पण माझं आयुष्य कचेरीत नकाशे ट्रेस करण्यात गेलं, रेघ कुठे श्वास घेते ते मला कळतं. ती रेघ एकदा हलली नव्हती, ती सगळीच थरथरत गेली होती. शिडी हलली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि सायकलवर बसलो.

मग आपल्या खेळात ती गुहा आली. समोर शत्रू, लाल राणी. ती विजेचा बाण टाकायची आणि त्यासाठी तिला माणूस दिसावा लागायचा. तू आधीच धुक्याची भिंत उभी केली होतीस. बोर्डावर पांढऱ्या सोंगट्यांची रांग. धुक्यातून तिला आपण दिसत नव्हतो आणि आपल्याला ती. म्हणजे आपण सुरक्षित होतो. फक्त दामूचा योद्धा तिच्या मंत्राने जागच्या जागी खिळला होता, भिंतीला अगदी लागून. त्याच्यावर उतारा टाकायचा, त्याला सोडवायचं आणि पळायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. तू तसं बोललासही. "थांब दाम्या, सोडवतो तुले."

तुझा हात वरून आला. अर्ध्यात थांबला. तू डाव्या हाताने उजवं मनगट धरलंस, बाही सारखी केल्यासारखं. मग बोट खाली आलं, आणि दामूच्या मिशीवाल्या काळ्या सोंगटीच्या जागी शेजारच्या पांढरीला लागलं.

"अरे, चुकून लागलं गा!" दामू ओरडला. "पुन्हा ठेव म्हण त्याले, वसंता!"

मला "पुन्हा ठेव" एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. नियम माझा होता, मी मोडू शकत होतो. पण पुन्हा ठेव म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. तुझा हात थरथरला म्हणून, असं, वहिनींसमोर, पाट्या रंगवून घर चालवणाऱ्या माणसाला. मी म्हणालो, "बोट लागलं ते लागलं. नियम आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटतं तेव्हाच तुला कळलं की मला कळलंय. मग तू खुर्चीत मागे रेललास आणि म्हणालास, "चुकून काहून? मले भिंतच पाहिजे होती."

मी म्हणालो, "बरं."

तुझाच मंत्र, तुझाच उतारा, नंबर काढायचीही गरज नव्हती. मी पांढऱ्या सोंगट्या उचलल्या. चाल राणीची आली. वहिनींनी नंबर काढला आणि तुझा जादूगार गेला. "या येड्यानं सोताचीच भिंत पाडली!" दामू खाप्याच्या एस.टी.त बसेपर्यंत हेच म्हणत होता.

त्यानंतर तुझं रविवारी बसणं कमी झालं. ऑर्डर आहेत म्हणायचास. पण व्हरायटी चौकाजवळच्या टपरीवर आपण भेटायचो आणि त्याच एका चालीवर भांडायचो. किती वर्षं भांडलो! तू रोज नवं कारण आणायचास.

"धुक्यात ती मले नाई दिसे, मी तिले नाई दिसे. असं किती वेळ बसाचं? मले तिच्यावर मंत्र टाकाचा होता."

"पण आपली भिंत आपल्याला नुसतं बोलून काढता येते. त्यासाठी उतारा कशाला वाया घालवलास?"

"ते पंचानं आधी सांगाचं असते."

"पुस्तकात आहे ते."

"पुस्तक तुझ्याजवळ. मी काय अमेरिकेले जाऊन पाहू?"

एकदा म्हणालास की राणीला गाफील पकडायचा तो डाव होता. एकदा म्हणालास की दामूला मुद्दाम खिळलेलं ठेवायचं होतं, कारण त्याने तुझ्या डब्यातली शेवटची भाकर खाल्ली होती. मी प्रत्येक कारण खोडून काढायचो, नियमावर बोट ठेवून, अगदी मनापासून. नियमाचा वाद चालू होता तोवर बोटाचा विषय निघत नव्हता. तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचास. मे महिन्यात, नागपुरात, गरम कप दोन्ही हातांनी. मी पाहायचो आणि भिंतीबद्दल बोलायचो.

मग तू पाट्या सोडल्यास. "डोळे गेले गा." मी तुला स्वतः चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो. तू समोरच्या तक्त्यावरची खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचलीस. दुकानदार म्हणाला, साहेब, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तरी तू चष्मा घेतलास. बाहेर येऊन विचारलंस, "कसा दिसतो?" मी म्हटलं, "शोभतो." त्या दिवशी आपण दोघं पोटभर हसलो होतो. कशाला हसलो, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही.

मला जास्त टोचतं ते दवाखान्यातलं. पाय ओढायला लागल्यावर वहिनींनी तुला नेलंच. मीही होतो. डॉक्टरांनी विचारलं, हाताचं कधीपासून आहे? तू चादर सारखी करायला लागलास. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही तर दर रविवारी त्यांच्या समोर बसत होते. तुमाले कधी दिसलं पहिल्यांदा?"

तू पलंगावरून माझ्याकडे बघत होतास.

"मला काहीच दिसलं नव्हतं, वहिनी," मी म्हणालो.

तू तोंड फिरवलंस. डॉक्टर म्हणाले की हा पूर्ण बरा होणारा आजार नाही, पण गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या तर हात आणखी काही वर्षं कामाचा राहिला असता. काही वर्षं. तुझ्या हाताची काही वर्षं म्हणजे किती पाट्या, मी हिशेब करायचं टाळतो.

तू मात्र मला काहीच म्हणाला नाहीस, ना तेव्हा, ना नंतर. उलट माणसं आली की त्यांना माझी ओळख करून द्यायचास. "हा आठवडाभर मुका राहते अन् रविवारी नदीसारखा बोलते." ते खरं होतं, मनोहर. चार माणसांत माझी जीभ उचलत नाही. वडील गेले तेव्हा मला रडताही आलं नव्हतं. पण तुझ्या पुढच्या खोलीत मी राक्षसांचे आवाज काढले, म्हातारी झालो, पूर आलेली कन्हान झालो. बोलता येतं हे मला तिथे कळलं. तू तोंड उघडं टाकून ऐकायचास म्हणून बोलता आलं. आणि ज्याला बोलायला तू शिकवलंस, त्या माझ्या तोंडून तुझ्याचसाठी दोन शब्द निघाले नाहीत.

शेवटच्या रविवारी मी आलो तेव्हा तुझा आवाज अगदी खाली गेला होता. "बोर्ड," तू म्हणालास. मी पलंगावर तुझ्या मांडीशी उलटा बोर्ड ठेवला.

"कोणता डाव?"

"तोच."

मी आठवून मांडला. जादूगार, पांढरी रांग, तिला लागून दामू. "राणी... मांगं," तू म्हणालास. बरोबर होतास, राणी एक वीत मागे होती. मी ती सरकवली. तुझा हात चादरीवर होता, तो उचलायचा तू प्रयत्नही केला नाहीस. "तू बोट लाव. मी सांगतो."

मी बोट दामूच्या सोंगटीवर नेलं. मला वाटलं, शेवटी दामूला सोडवायचंय.

"भिंत," तू म्हणालास.

"दामूवर ना?"

"भिंत, वसंता."

मी पांढरीला बोट लावलं. "काढ," तू म्हणालास. मी एकेक सोंगटी उचलली. तुझा जादूगार आणि राणी, मध्ये काही राहिलं नाही. तू माझ्याकडे बघत राहिलास. चष्मा नव्हता. तो तू कधी लावलाच नाहीस.

"तुयी चाल आहे."

राणी मी खेळत होतो, तेव्हा चाल माझीच होती. तू त्याहून दुसरं काही म्हणत होतास का, मला नक्की सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "दामूलाही येऊ दे. पुढच्या रविवारी पुरा करू."

"हाव," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. पुढचा रविवार तुला मिळाला नाही.

काल मी वहिनींकडे गेलो. त्या मशीनवर होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: पाटी, बोट, नियम, दवाखाना. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालं नसतं. त्यांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"म्हणजे डॉक्टरसमोर खोटं बोलले."

"हो."

"त्यांच्या तोंडावर."

"हो, वहिनी."

त्यांनी सुईखालचं कापड सरळ केलं. मग म्हणाल्या, "सांगाले पाहिजे होतं, भाऊजी." रागावल्या असत्या, रडल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं. त्यांनी ते फक्त सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो.

"पलंगाखाली बोर्ड आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर त्यांनी तसाच सरकवाले लावला. झाडू मारताना मी एक सोंगटी हलू नाई दिली. वसंताची चाल बाकी आहे, म्हणत. खेळून टाका."

मी खाली बसून बोर्ड ओढला. सगळं जागच्या जागी होतं, थोडी धूळ होती. जादूगार उघड्यावर, राणी एक वीत मागे. मी राणीवर बोट ठेवलं, मग तुझ्या जादूगारावर. वहिनींनी मशीनच्या खणातून थैली काढली. या वेळी त्यांनी "मरते का कोणी" असं विचारलं नाही. हात घातला, नंबर काढला आणि माझ्यासमोर धरला. मोठा होता.

"लागला?"

"लागला." मी जादूगाराची सोंगटी पालथी घातली.

"अन् याच्यावर उतारा?"

"नाही, वहिनी. होऊन गेलेल्यावर चालत नाही."

त्यांनी मान हलवली. "मग भरा सोंगट्या."

मी डबा घेतला आणि भरायला लागलो. जादूगाराला हात घातला तेव्हा त्यांनी ती सोंगटी माझ्या बोटांतून काढून घेतली, सरळ करून तू रंगवलेली दाढी पाहिली आणि बॉबिनच्या खणात ठेवली.

"ही राहू द्या," त्या म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं.

बाकीच्या मी डब्यात भरल्या.